वक्तृत्व आणि तारेचा नकाशा

वक्तृत्व शिकविण्याचे वर्ग हल्लीं गांवोगांव निघाले आहेत आणि त्या विषयावरील पुस्तकांनाही तोटा उरलेला नाहीं. पूर्वीं वक्तृत्व हें पुष्कळसें ईश्वरी देणें समजत व उरलेलें अभ्यासाचें फळ मानीत. आतां तें महिना-दीड महिन्यांत पदरीं पडणारें कौशल्य झालें आहे. याबद्दल आमची तक्रार नाहीं. विद्या स्वस्त झाली म्हणून दुःख मानण्याचें कारण काय? परंतु या पुस्तकांपैकीं बहुतेकांच्या पहिल्या-दुसऱ्या प्रकरणांत एक आकृति हटकून आढळते, आणि तिच्याविषयीं मात्र आम्हांस चार शब्द लिहावेसे वाटतात. डावीकडे एक चौकोन, त्यांत 'प्रेषक'. उजवीकडे दुसरा चौकोन, त्यांत 'ग्राहक'. दोहोंना जोडणारा बाण, त्यावर 'संदेश'. आणि मधोमध खालून वर घुसणारा आणखी एक बाण, त्याचें नांव 'गोंगाट'. कांहीं पुस्तकांत उजवीकडून डावीकडे परत येणारी एक तुटक रेघ असते. तिला 'प्रतिसाद' म्हणतात. या आकृतीस 'संज्ञापनाचें मूलभूत प्रतिमान' असें भारदस्त नांव देऊन ग्रंथकार पुढच्याच पानावर हातवारे, आवाजाचे चढउतार आणि पोशाख यांकडे वळतात. आकृतीचा व त्या उपदेशाचा संबंध काय, हें सहसा कोणी सांगत नाहीं. आम्हीं तो शोधण्याचा प्रयत्न केला. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

ही आकृति मुळांत वक्तृत्वासाठीं काढलेलीच नव्हती. क्लॉड शॅनन हे अमेरिकेंतील बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेंत काम करणारे गणिती. १९४८ च्या जुलै व ऑक्टोबर महिन्यांत कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकांत त्यांचा एक दीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. तारेंतून किंवा विजेच्या लहरींतून संदेश जात असतां वाटेंत बिघाड हा व्हावयाचाच. तो होत असतांही पलीकडच्या टोकास मूळ संदेश हवा तितका बिनचूक कसा उभा करावा, आणि एका तारेंतून जास्तींत जास्त किती मजकूर नेतां येईल, हा त्यांचा प्रश्न होता. उगम, प्रेषणयंत्र, वाहिनी, गोंगाट, ग्रहणयंत्र आणि गंतव्यस्थान हीं सहा अंगें त्यांनीं कल्पिलीं तीं या प्रश्नापुरतीं. निबंधाच्या आरंभींच त्यांनीं बजावून ठेविलें आहे कीं, संदेशांना पुष्कळदां अर्थ असतो ही गोष्ट खरी, परंतु इंजिनियरच्या कामाशीं त्या अर्थाचा संबंध नाहीं. आपल्या शास्त्राची वेस इतक्या प्रामाणिकपणें आंखून देणारा ग्रंथकार विरळा. पुढें हेंच शास्त्र जो तो आपल्या विषयास चिकटवूं लागला, तेव्हां १९५६ मध्यें त्यांनीं स्वतःच एक छोटें टिपण लिहून या लाटेविषयीं सावधगिरीची सूचना दिली. ती सूचना वक्तृत्वाच्या पुस्तकांत आम्हांस अद्याप कोठें आढळलेली नाहीं. आकृति मात्र सर्वत्र आढळते.

वेस ओलांडली गेली ती दुसऱ्याच वर्षीं. १९४९ मध्यें हा निबंध पुस्तकरूपानें निघाला आणि त्यास वॉरन वीव्हर यांचें एक सुबोध विवरण जोडण्यांत आलें. मासिकांत निबंधाच्या इंग्रजी नांवाआधीं 'एक' असा अर्थ देणारें उपपद होतें. पुस्तकांत तें जाऊन त्याच्या जागीं निश्चयवाचक उपपद आलें. एक सिद्धांत होता, तो आतां 'हाच' सिद्धांत झाला. वाचकांस ही बाब क्षुल्लक वाटेल, पण शास्त्रांचा अहंकार अशाच एखाद्या अक्षरांत प्रथम डोकावतो. वीव्हर यांनीं तीन पायऱ्या सांगितल्या: चिन्हें बिनचूक पोंचलीं काय, त्यांचा अभिप्रेत अर्थ पोंचला काय, आणि त्या अर्थानें श्रोत्याच्या आचरणावर इष्ट परिणाम झाला काय. पहिल्या पायरीसाठीं काढलेला नकाशा उरलेल्या दोहोंसही पुष्कळ अंशीं लागू पडेल, अशी त्यांनीं आशा दाखविली. त्याच सुमारास, म्हणजे १९४८ मध्यें, हॅरल्ड लासवेल या राज्यशास्त्रज्ञानें कोण, काय, कोणत्या माध्यमानें, कोणास आणि कोणत्या परिणामानें सांगतो, असे पांच प्रश्न एका सूत्रांत ओंवले. या लासवेलनें पहिल्या महायुद्धांतील प्रचारतंत्रावर १९२७ मध्यें ग्रंथ लिहिला होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. 'परिणाम' हा पांचवा प्रश्न कोणत्या अनुभवांतून आला असावा, हें त्यावरून ताडतां येतें. पुढें १९५४ मध्यें विल्बर श्रॅम यांनीं वक्त्याच्या व श्रोत्याच्या अनुभवांचीं दोन वर्तुळें काढून, जेवढा भाग एकमेकांवर पडतो तेवढेंच संज्ञापन शक्य, असें सांगितलें. ही सुधारणा खरोखर मोलाची. त्यानंतरचीं प्रतिमानें बहुधा चौकोन वाढविणारीं आहेत. त्यांत येथें शिरत नाहीं.

या नकाशाकडून वक्त्यानें शिकण्यासारखें कांहींच नाहीं, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. किंबहुना एका बाबतींत शॅननसाहेबांनीं आमच्या साहित्यशास्त्रकारांस चांगलाच धडा दिला आहे. पुनरुक्ति हा आमच्याकडे दोष. तो काव्यांत असेल. पण शाळेंतील पंतोजींपासून मासिकांच्या संपादकांपर्यंत सर्वांनीं तो गद्यास आणि भाषणासही सरसकट लावला. शॅनन यांनीं हिशेब करून दाखविलें कीं, साधारण इंग्रजी लिखाणांत जीं अक्षरें येतात त्यांतील सुमारें निम्मीं भाषेच्या रचनेनेंच ठरलेलीं असतात. लेखकाच्या मर्जीस वाव उरतो तो बाकीच्या निम्म्यांत. आणि हा जो वरवर पाहतां फुकट गेलेला भाग, त्याच्याच बळावर मधलीं चार अक्षरें पुसलीं गेलीं तरी वाचक वाक्य जुळवूं शकतो. पुनरुक्ति ही गोंगाटावरची ढाल आहे. हें वाचल्यावर आम्हांस प्रथम आठवण झाली ती देवळाच्या सभामंडपांतील कीर्तनाची. ध्वनिवर्धक नाहीं, मुलें रडताहेत, उशिरां आलेली मंडळी जागा शोधीत आहे, बाहेर कुत्रीं भुंकताहेत. अशा ठिकाणीं बुवा पूर्वरंगाला जें पद घेतात तें एकदां म्हणून सोडीत नाहींत. ध्रुपदाकडे पुनःपुन्हां येतात, साथीदार तेंच उचलून धरतात, निरूपणाचा प्रत्येक फांटा फिरून त्याच खुंट्याशीं बांधला जातो. ज्यास पहिल्या खेपेस ऐकूं आलें नाहीं त्यास तिसऱ्या खेपेस येतें. आमच्या कीर्तनकारांनीं हें गणित कोणत्याही प्रयोगशाळेवांचून सोडविलें होतें, आणि शॅनन यांच्यामुळें त्याची उपपत्ति आम्हांस कळली, एवढें ऋण मोकळ्या मनानें मान्य केलें पाहिजे.

परंतु येथेंच नकाशाची धांव संपते. शॅनन यांच्या मापानें जो संदेश अनपेक्षित त्यांत माहिती अधिक. जो आधींपासून ठाऊक त्यांत शून्य. आतां उत्तररंगांत हरिश्चंद्राचें आख्यान लागलें आहे अशी कल्पना करा. मंडपांतल्या म्हातारीला तें बुवांपेक्षां अधिक पाठ आहे. डोंबाच्या घरीं राबणारा राजा पुढें काय करणार, हें तिला माहीत आहे. तरी तिच्या डोळ्यांस पाणी येतें, आणि पुढच्या वर्षीं ती पुन्हां येऊन बसते. तारेच्या हिशेबानें बुवांनीं तिला कांहींच दिलें नाहीं. शिवाय आख्यान संपल्यावर बुवा जेव्हां मूळ पदाकडे वळतात तेव्हां शब्द तेच असले तरी पद तें राहिलेलें नसतें. पहिल्या वेळीं तें एक वचन होतें. आतां त्याच्या पाठीशीं एका राजाचें सर्व दुःख उभें आहे. ही गोंगाटावरची ढाल नव्हे. येथें पुनरुक्तीनें जुना अर्थ वांचविला नाहीं, नवा अर्थ घडविला. भट्टनायकानें ज्यास साधारणीकरण म्हटलें, म्हणजे त्या एका राजाचें दुःख त्या राजाचें न राहतां मंडपांतील सर्वांचें होणें, तें एका चौकोनांतून दुसऱ्या चौकोनांत जाणाऱ्या बाणानें दाखवितां येत नाहीं. भट्टनायकाचा ग्रंथ लुप्त झाला; त्याचें मत आपल्यास कळतें तें त्यास खोडून काढणाऱ्या अभिनवगुप्ताच्या लिखाणांतून. प्रतिपक्षाच्या पोथीतून पोंचलेला हा संदेश तरी त्या नकाशांत कोठें बसवावा?

परत येणाऱ्या तुटक रेघेविषयींही तेंच. प्रतिसाद म्हणजे श्रोत्यांच्या चेहऱ्याकडे पाहून आवाज चढविणें-उतरविणें, एवढाच अर्थ पुस्तकांत केलेला असतो. ज्यांनीं गाडगेमहाराजांचें कीर्तन ऐकलें त्यांच्या आठवणी वाचा. महाराज विचारीत, लोक उत्तर देत, आणि त्या उत्तरांतूनच पुढचें कीर्तन निघे. कर्ज काढून सण करावा काय? देवापुढें बकरें मारावें काय? उत्तर लोकांच्या तोंडून वदवून घ्यावयाचें, मग त्याच उत्तराच्या दोरीनें त्यांस बांधून पुढें न्यावयाचें. येथें श्रोत्यांचें बोलणें हा संदेशाचा अर्धा भाग आहे, पोंच-पावती नव्हे. आणि हें कीर्तन रात्रीं सुरू होण्यापूर्वींच अर्धें झालेलें असे, कारण दिवसा हाच मनुष्य खराटा घेऊन गांवचे रस्ते झाडीत असे. ॲरिस्टॉटलनें असें म्हटलें आहे कीं, वक्त्याविषयींचा विश्वास त्याच्या भाषणानेंच उत्पन्न व्हावा, आधींच्या लौकिकानें नव्हे. एवढ्या थोर पंडिताशीं वाद घालण्याचें धाडस आम्ही सहसा करीत नाहीं, पण खराटा हा लौकिक कीं भाषण? आम्ही तर त्यास भाषणाचें पहिलें प्रकरण समजतों.

याच ॲरिस्टॉटलचें दुसरें एक वचन मात्र आजच्या सर्व प्रतिमानांपेक्षां आम्हांस अधिक उपयोगी वाटतें. भाषणाचीं अंगें तीन, वक्ता, विषय व श्रोता, असें सांगून तो म्हणतो कीं भाषणाचें प्रयोजन श्रोत्याकडे पाहून ठरतें. आणि हा श्रोता एक तर निर्णय करणारा असतो, नाहीं तर नुसता पाहणारा. निर्णय करणारा भावी गोष्टीविषयीं निर्णय करील तर ती राजसभा, झालेल्या गोष्टीविषयीं करील तर तें न्यायालय. तेवीसशें वर्षांपूर्वींच्या या विभागणींत श्रोता हा संदेश येऊन पडण्याची पेटी नाहीं. त्याच्या हातीं सत्ता आहे. कोणाच्या हातीं कोणती सत्ता आहे, हें कळल्यावांचून भाषण चांगलें कीं वाईट हें सांगतांच येत नाहीं. आमच्याकडील एका भाषणावर हें घासून पाहूं.

१९०८ सालचा टिळकांवरील राजद्रोहाचा खटला सर्वांस माहीत आहे. केसरींतील 'देशाचें दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहींत' या लेखांवरून जुलै महिन्यांत तो मुंबईच्या हायकोर्टांत चालला. न्यायमूर्ति दावर, हेच १८९७ च्या खटल्यांत बॅरिस्टर या नात्यानें टिळकांस जामीन मिळवून देण्यासाठीं उभे होते. जूरीचे लोक नऊ, त्यांत सात युरोपियन व दोन पारशी. लेख मराठी, जूरीस मराठी अवगत नाहीं, म्हणून पुराव्यांत आलीं तीं सरकारी भाषांतरें. टिळकांनीं आपली बाजू स्वतः मांडिली आणि जूरीपुढें त्यांचें इंग्रजी भाषण अनेक दिवस चाललें. एकंदर २१ तास १० मिनिटें असा त्याचा हिशेब दिला जातो. न. चिं. केळकर यांनीं त्याच वर्षीं खटल्याचा साद्यंत वृत्तांत छापला, त्यामुळें तें आज आपल्यास वाचावयास मिळतें.

तें वाचतांना आमचें मत काय झालें तें आडपडदा न ठेवतां सांगतों. भाषण कंटाळवाणें आहे. इतर पत्रांतील लांबलचक उतारे, मागील खटल्यांचे दाखले, कायद्याच्या कलमांचा कीस, आणि त्यांच्यामध्यें मराठी शब्दांच्या अर्थाविषयींचा वाद. टिळक हे सुरेंद्रनाथ बानर्जींच्या जातीचे अलंकारिक वक्ते कधींच नव्हते. येथें तर त्यांनीं रंजनाचा विचारच सोडून दिला आहे. आजच्या एखाद्या वर्गाच्या गुरुजींनीं या भाषणास लांबीबद्दल, रचनेबद्दल व श्रोत्यांच्या सहनशक्तीबद्दल शून्य गुण दिले असते. परिणामाच्या मापानें पाहिलें तरी निकाल तोच. जूरीनें सात विरुद्ध दोन मतांनीं दोषी ठरविलें आणि २२ जुलैच्या रात्रीं सहा वर्षें काळ्या पाण्याची शिक्षा सांगण्यांत आली. वीव्हर यांच्या तिसऱ्या पायरीवर हें भाषण सपशेल पडलें.

पण त्या भाषणाचा गाभा जो भाषांतराचा वाद, त्याकडे जरा बारकाईनें पाहावें. टिळकांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, मराठी ही नव्या राजकीय कल्पना आतां कोठें बोलूं लागलेली भाषा. तिचे शब्द जुने, त्यांत ओतलेले अर्थ नवे, आणि अशा शब्दाचें कोश पाहून इंग्रजी केलें म्हणजे लेखकानें न लिहिलेलें वाक्य त्याच्या नांवावर चढतें. आकृतीचा अभिमानी म्हणेल, हा तर आमचा 'गोंगाट'! वीव्हर यांनीं अर्थाच्या गोंगाटासाठीं एक चौकोन सुचविलाही होता. आम्हांस हें पटत नाहीं. गोंगाटाचा धर्म अनिश्चितता वाढविण्याचा. 'क' होता कीं 'फ' होता, ऐकूं नीट आलें नाहीं. सरकारी भाषांतरानें याच्या नेमकें उलट केलें. मूळ मराठी शब्द दोन-तीन अर्थांच्या मध्यें झुलत होता, आणि तसा झुलणें हाच त्याचा त्या वाक्यांतील धर्म होता. भाषांतरानें तो एका अर्थास खिळून टाकिला. जूरीपुढें आलेला मजकूर मूळापेक्षां अधिक स्पष्ट, अधिक निश्चित होता, आणि म्हणूनच अधिक खोटा. हा अपराध निश्चिततेचा. अशा अपराधास त्या आकृतींत जागा नाहीं, आणि वक्तृत्वाच्या वर्गांत तर 'स्पष्ट बोला' हाच पहिला पाठ!

याच जुलै महिन्यांत काळपत्राचे संपादक शिवरामपंत परांजपे यांसही राजद्रोहाबद्दल १९ महिन्यांची शिक्षा झाली. शिवरामपंत हे त्या पिढींतील नामांकित वक्ते, आणि त्यांचें हत्यार वक्रोक्ति. सरकारची तोंडभर स्तुति करावी आणि समोरच्या हजार लोकांनीं ती निंदा म्हणून ऐकावी. सभेच्या एका कोपऱ्यांत बसून टिपणें घेणारा सरकारी मनुष्य शब्द तर अगदीं बिनचूक उतरून घेई. त्या शब्दांत धरण्यासारखें मात्र कांहीं नसे. संदेश एक, ग्राहक दोन, आणि एकास तो कळावा व दुसऱ्याच्या हातीं लागूं नये अशी वक्त्याचीच इच्छा. शॅनन यांस हा प्रकार अपरिचित होता असें नव्हे. गुप्तलेखनाच्या गणितावर १९४९ मध्यें त्यांचा निबंध निघाला आहे आणि त्यांत चोरून ऐकणारा शत्रु रीतसर गृहीत धरलेला आहे. परंतु गुप्तलेखनांत किल्ली लपविलेली असते. शिवरामपंतांनीं कोणती किल्ली लपविली? ती त्या सभेंतील प्रत्येक मनुष्याच्या खिशांत होती: त्याचा कर, त्याचा दुष्काळ, त्याचा रोजचा अपमान. सरकारी मनुष्यही बहुधा मराठीच. त्यासही ती ठाऊक असे. अडचण एवढीच कीं ती कागदावर उतरत नसे. वक्रोक्तीवर खटला भरावयाचा तर प्रथम तिचें सरळ वाक्य करून दाखविलें पाहिजे, आणि तें सरळ वाक्य आरोपीनें नव्हे, फिर्यादीनें उच्चारावें लागतें. श्रॅमसाहेबांचीं दोन वर्तुळें येथें उपयोगी पडतात. मात्र तीं दोनच कां, हा प्रश्न राहतो.

टिळकांकडे परत येऊं. जूरीनें दोषी ठरविल्यावर, शिक्षेपूर्वीं कांहीं सांगावयाचें आहे काय, असें न्यायमूर्तींनीं विचारलें. त्यावर ते जें बोलले तें अवघ्या कांहीं वाक्यांचें. आपण निर्दोष आहों, जगाचें नियमन करणाऱ्या याहून वरिष्ठ शक्ति आहेत, आणि आपण मोकळें राहण्यापेक्षां आपल्या कष्टांनींच हातीं घेतलेलें कार्य पुढें जावें अशी कदाचित् ईश्वरी इच्छा असेल, असा त्याचा आशय. एकवीस तासांच्या भाषणांत जें नाहीं तें सर्व या अर्ध्या मिनिटांत आहे. हा चमत्कार कोठून आला? आमच्या मतें श्रोता बदलला म्हणून. तोंवर समोर निर्णेते होते; निर्णेत्याशीं कलमें, दाखले आणि शब्दकोश यांचीच भाषा बोलली पाहिजे, आणि टिळक ती कर्तव्य म्हणून, कंटाळा न करतां बोलले. जूरीचा निर्णय झाला तेव्हां त्यांची सत्ता संपली. शिक्षेचें प्रमाण तेवढें न्यायमूर्तींच्या हातीं उरलें होतें, आणि तें कमी करून मागण्याचा विचार वक्त्याच्या मनांत नव्हता. म्हणजे त्या दालनांत आतां ॲरिस्टॉटलच्या अर्थानें निर्णेता असा त्यांच्यापुरता कोणी राहिलाच नाहीं. जो निर्णेता होता तो दालनाबाहेर होता, आणि त्यापैकीं बराच भाग अजून जन्मास यावयाचा होता.

शिक्षेनंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनीं सहा दिवस संप केला. तो या भाषणाचा परिणाम म्हणून सांगण्याचा मोह कांहीं लेखकांस होतो. आम्ही तो आवरतों. कामगारांनीं तें इंग्रजी भाषण ऐकलें नव्हतें. त्यांस हलविलें तें शिक्षेनें. भाषणांची थोरवी गातांना त्यांच्या पदरीं दुसऱ्याचें पुण्य बांधूं नये. भाषणाचा खरा हिशेब वेगळा आहे. ज्या उच्च न्यायालयानें शिक्षा दिली त्याच न्यायालयांत, खटला चालला त्या दालनाच्या बाहेर, तीं शेवटचीं वाक्यें संगमरवरावर कोरून बसविण्यांत आलीं. १९५६ मध्यें तेथील मुख्य न्यायमूर्ति छागला यांनीं त्या शिलेचें अनावरण केलें. ज्या ग्राहकानें १९०८ मध्यें संदेश नाकारला त्यानेंच अठ्ठेचाळीस वर्षांनीं पोंच दिली. तुटक रेघ एवढी लांब काढावयाची तर कागद पुरणार नाहीं.

आतां वर्गांकडे आणि स्पर्धांकडे. एका महाविद्यालयाच्या वक्तृत्वस्पर्धेस परीक्षक म्हणून बसण्याचा योग आम्हांस मध्यंतरीं आला. हातीं गुणपत्रिका दिली. तींत विषयप्रतिपादन, उच्चार, हावभाव, आत्मविश्वास आणि वेळेचें भान असे पांच रकाने होते. सोळा विद्यार्थी बोलले. त्यांतील बहुतेकांची नजर श्रोत्यांच्या डोक्यांवरून मागच्या भिंतीवर खिळलेली. चौकशी करितां कळलें कीं, भीति जावी म्हणून तशी शिकवण देतात. समोर दगड बसले आहेत असें समजावें, असाही एक उपाय सांगतात. आकृतींतील उजवा चौकोन एकदां पेटी ठरला म्हणजे त्याचा दगड व्हावयास कितीसा वेळ? एका मुलीचें पाठ केलेलें भाषण मध्येंच तुटलें. ती क्षणभर थांबली, समोर बसलेल्या आपल्या मैत्रिणींकडे तिनें पाहिलें, आणि 'मला काय म्हणायचंय, तुम्हांला माहीत आहे' एवढें बोलून तिनें उरलेलें आपल्या साध्या भाषेंत दोन मिनिटांत सांगितलें. सभागृह त्या दिवशीं प्रथमच शांत झालें. आमच्या शेजारच्या परीक्षकांनीं आत्मविश्वासाच्या रकान्यांत तिचे चार गुण कापले; घंटा चुकली म्हणून आणखी दोन गेले. ते गृहस्थ वाईट नव्हते. रकानेच तसे होते, आणि आम्हींही तिला जे गुण दिले ते कोणत्या रकान्यांत घालावे हें न सुचून 'विषयप्रतिपादनां'त घातले.

बक्षीस-समारंभानंतर आम्हीं चालकांस सुचविलें कीं, पुढील वर्षीं निदान एक रकाना श्रोत्यांसाठीं ठेवावा आणि तो मागच्या बांकांवर बसलेल्या मुलांनीं भरावा. सूचना त्यांस आवडली असें त्यांनीं आग्रहानें सांगितलें. दुसऱ्या वर्षींचें निमंत्रण आलें त्यासोबत गुणपत्रिकाही आली. तीच होती; पांच वर्षांच्या एकदम छापून घेतल्या आहेत, असें खालीं पेन्सिलीनें लिहिलेलें होतें.